आज खारी कोणाकडून?

६ जानेवारी, सोमवार

सर आज खूश. म्हणजे त्यांनी ‘बरं’ म्हटलं. तिसरी आकृती मान्य. शिशाच्या टकरीतून बाहेर पडणारे जेट साध्या टकरीतल्यांपेक्षा बारीक दिसतात, आणि त्यांना बारीक केलं ते आतल्या तापलेल्या प्लाझ्माने, असा आमचा दावा. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण या एका आकृतीवर उभं आहे. फेब्रुवारीअखेर सरांची सही, मग प्रबंध जमा, मग सुटका.

घरी आले तर शेजारच्या काकू बसलेल्या. ‘अगं, तू जेटवर काम करतेस ना, मग विमानाचं तिकीट स्वस्त मिळत असेल!’ सहा वर्षं हाच विनोद, आणि सहा वर्षं आई त्याला हसते. आज चिडून सगळं नीट सांगितलं. काकू, शिशाचे दोन अणुगर्भ भयंकर वेगाने एकमेकांवर आदळतात. क्षणभर सगळं वितळून एक थेंब होतो, तो प्लाझ्मा. त्याच टकरीत कधीकधी दोन जोरकस कण एकमेकांच्या उलट दिशांना सुटतात आणि वाटेत त्यांची कणांची पिचकारी होते. ती पिचकारी म्हणजे जेट. थेंबातून बाहेर येईपर्यंत तिची ऊर्जा कमी होते. किती आणि कशी, ते मी शोधते.

काकू म्हणाल्या, ‘म्हणजे धायरी फाट्याच्या गर्दीतून बाहेर पडण्यासारखंच की.’

हे बरोबर आहे. यापुढे लोकांना हेच सांगेन.

९ जानेवारी, गुरुवार

घोळ.

प्रबंधात एक तपासणी दाखवावी म्हणून मुद्दाम बावळट सिम्युलेशन चालवलं. त्यात प्लाझ्माने जेटची फक्त ऊर्जा घ्यायची, आकाराला हात लावायचा नाही. पसरट जेटकडून जास्त घ्यायची, बारीककडून कमी, एवढंच. म्हणजे जेटला बारीक करायची प्लाझ्माला मनाईच केली. तरी निकालात जेट बारीक! पुन्हा चालवलं. तेच.

कारण कळायला चहाभर वेळ लागला. आपण जेट निवडतो ते बाहेर आल्यावर, उरलेल्या ऊर्जेवरून. पसरट असतात ते वाटेत जास्त गमावतात, आमच्या मर्यादेच्या खाली जातात आणि मोजणीतूनच गळतात. उरतात ते मुळातच बारीक असलेले. कोणी बारीक झालं नाही. जाडे दारापर्यंत पोचले नाहीत, एवढंच.

जगाला हे माहीत नाही असं नाही. लोकांनी लिहिलंय. ‘आपल्या निवडीत तो प्रश्न येत नाही,’ असं सर म्हणत आले आणि आम्ही मान डोलावत आलो.

आमच्यात हे एकाने म्हटलं होतं. नीलेशने.

१० जानेवारी, शुक्रवार

नीलेश आणि मी एकाच दिवशी रुजू झालो. समोरासमोरची टेबलं. तो वाशिमचा. एरवी बोलणं पुस्तकासारखं, पण चिडला की वऱ्हाडी. तीन वर्षांपूर्वी ग्रुप मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, ‘सर, आपण बाहेर आलेलेच मोजून राह्यलो ना. जे आले नाही त्यायचं काय?’

सर म्हणाले, ‘नीलेश, आधी मराठी बोला, मग भौतिकशास्त्र बोला.’ सगळे हसले. मग सरांनी फळ्यावरचा त्याचा आलेख पुसला आणि निकाल दिला: चूक. आमच्या गटात सरांनी घातलेला पायंडा आहे, ज्याचं चुकलं त्याने पुढच्या मीटिंगला सगळ्यांसाठी खारी आणायची. खोका टेबलावर दिसला की सर विचारतात, ‘आज खारी कोणाकडून?’ आणि ज्याची असेल त्याने हात वर करायचा. नीलेशने आणली. हात वर केला. स्वतः खाल्ली नाही.

पुढे सरांनी त्याला विषय बदलायला सांगितला. त्याने नोकरीच बदलली. म्हणजे पीएच.डी. सोडली आणि हिंजवडीत गेला.

बरोबर असलेल्या माणसाने खारी आणली आणि आम्ही ती चहात बुडवून खाल्ली. मला हे आज गिळवत नाहीये.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सरांच्या मिसेसनी लॅबमध्ये तिळगूळ पाठवलाय. दिवस गोड बोलण्याचा, म्हणून आजच सांगायचं ठरवलं.

सरांनी शांतपणे ऐकलं. मधे एकदाच विचारलं, ‘हे अजून कोणाला दाखवलंत?’ नाही म्हटलं. ‘उत्तम. दोन दिवस द्या.’ नीलेश तेव्हा हेच म्हणाला होता, असं मी म्हटलं. सर तिळाची वडी तोडत म्हणाले, ‘म्हणाला असेल. पुष्कळ बोलायचा.’

चौथं प्रकरण गेलं. मला आधी रडू यायला हवं होतं. त्याऐवजी भूक लागली.

१८ जानेवारी, शनिवार

हिंजवडी. स्वारगेटवरून बस केली; स्कूटरने जायची हिंमत नाही. कंपन्यांच्या बस एकीला एक चिकटून उभ्या. नीलेशला शनिवारीही काम. गेटबाहेरच्या टपरीवर भेटलो. पोट सुटलंय, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर तपासतो. ‘दुसऱ्यायच्या चुका काढतो आन् त्याचा पगार भेटते,’ म्हणाला. ‘तुमच्याकडं फुकट काढत होतो.’

सगळं सांगितलं. ऐकताना त्याने चहा तसाच ठेवला.

‘मग आता काय करू? पेढे वाटू?’

‘तुझं बरोबर होतं एवढं सांगायला आले.’

‘माहीत होतं मले. तुमाले कळाले तीन वर्षं लागले.’

मग हळूच, अगदी पुस्तकी मराठीत, ‘फोटॉनवाल्या टकरी घेऊन बघ. त्यात सुरुवातीची ऊर्जा कळेल.’ मी म्हटलं, तेच करणार आहे. तो म्हणाला, ‘कर.’ आणि आत गेला. मागे वळून पाहिलं नाही.

मला त्याची आठवण येते. लिहून टाकलं. आता पुढे.

२१ जानेवारी, मंगळवार

ग्रुप मीटिंग. सर उभे राहिले आणि फळ्यावर माझ्या बावळट सिम्युलेशनचा आलेख काढला. ‘मी गेले काही दिवस म्हणतोय, आपण निवडीचा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा.’ गेले काही दिवस! म्हणजे संक्रांतीपासून. नवा पेपर लिहायचा: पहिल्या भागात निवडीची फसगत, दुसऱ्यात फोटॉन लावून खरा परिणाम किती ते. नावं सर आणि मी.

बाहेर गाठून म्हटलं, सर, नीलेशचं नाव हवं.

‘का?’

‘मुद्दा त्याचा होता.’

‘मृणाल, शंका काढणं आणि काम करणं या दोन गोष्टी आहेत. सिम्युलेशन कोणी चालवलं? तुम्ही. शंका काय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळेच काढतात.’

यात तथ्य नाही असं मला म्हणता आलं नाही, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, त्याने आलेखही काढला होता, तुम्ही तो पुसलात. सरांनी चष्मा काढला. ‘तुम्हाला फेब्रुवारीत माझी सही हवी आहे की माझ्याशी वाद हवा आहे? दोन्हीला वेळ नाही हो मला.’

‘हो’ इतक्या प्रेमाने म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटावं विचारपूसच चाललीय.

२६ जानेवारी, रविवार

आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘आधी सही घे, मग भांड.’ बाबांनी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, ‘सही घेतल्यावर कोणी भांडत नाही.’ दोघंही बरोबर. या घरात सल्ला मागू नये.

३० जानेवारी, गुरुवार

फोटॉनचं काम झालं. याची गंमत सुंदर आहे, ती मला कटू करता येत नाही. कधीकधी टकरीत जेटच्या उलट दिशेला प्रकाशाचा एक कण सुटतो. फोटॉन. दोघांची सुरुवातीची ऊर्जा जवळपास सारखी. पण फोटॉनला प्लाझ्मा काही करत नाही, तो त्यातून अंगाला काही लावून न घेता निघतो. म्हणजे त्याच्याकडे बघून कळतं, समोरचा जेट निघाला तेव्हा केवढा होता. मग जेटची निवड फोटॉनवरून करायची. फसगत नाही.

केली. निम्मं बारीकपण गेलं. निम्मं उरलं.

उरलेल्यावर सर जवळजवळ नाचले. ‘हाच खरा परिणाम! गाळून घेतलेला!’ चौथं प्रकरण परत उभं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. येताना आईसाठी गजरा घेतला.

३ फेब्रुवारी, सोमवार

मसुद्याच्या शेवटी सरांनी स्वतःहून ओळ घातली: उपयुक्त चर्चेबद्दल नीलेशचे आभार. पूर्ण नावानिशी. मला दाखवून म्हणाले, ‘झालं समाधान? माणसाने मोठं मन ठेवावं.’

कोणी, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी नीलेशला फोन केला. आभाराचं सांगितलं.

‘आभारात तर लोकं क्लस्टरचंबी नाव टाकते. संगणक चालला म्हणून. मले कायले टाकता?’

‘मग काय करू? नाव काढू?’

‘काढ नाहीतर ठेव.’ पाठीमागे हॉर्न. ‘मसुदा पाठव. बस तासभर वाकडलाच उभी राह्यते. वाचतो.’

पाठवला. सरांना विचारलं नाही. विचारायचं कशाला? आभार मानलेल्या माणसाने वाचायला काय हरकत?

१२ फेब्रुवारी, बुधवार

पेपर सोमवारी, २४ तारखेला पाठवायचा. त्याच दिवशी प्रबंधावर सही, असं सर स्वतः म्हणाले. सहीचा कागद त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली. येता-जाता दिसतो. कदाचित दिसावा म्हणूनच तिथे ठेवलाय.

नीलेशचं काही नाही. वाचला की नाही, तेही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पोहे खात होते, त्याचा मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही. एकच ओळ.

‘ज्या फोटॉनसमोर काहीच सापडलं नाही, त्यांचं काय केलं?’

हातातला चमचा खाली ठेवला.

काय केलं ते मला पाठ आहे. प्रोग्रॅममध्ये माझ्याच हाताने लिहिलंय: फोटॉनच्या समोर ठराविक ऊर्जेच्या वरचा जेट मिळाला तर टक्कर धर, नाही तर सोड. सगळेच असं करतात. त्या उंबरठ्याखाली इतर कणांचा इतका कचरा असतो की जेट कोणता आणि कचरा कोणता, कळत नाही. पण मग ज्या जेटने सगळ्यात जास्त गमावलं, इतकं की तो उंबरठ्याखाली गेला, त्याचा फोटॉन एकटा राहिला. आणि एकटे फोटॉन मी फेकून दिले. सगळे. म्हणजे निवडीची फसगत दाखवणाऱ्या पेपरात मी तीच फसगत केली. समोरच्या दाराने हाकलली, मागच्या दाराने घेतली.

राग आधी त्याचा आला. तीन वर्षं भौतिकशास्त्राचं पान न उलटलेला माणूस वाकडला बसमध्ये बसून हे बघतो? मग माझा आला. मग पोहे गार झाले ते खाल्ले. आई म्हणाली, काय झालं. म्हटलं, काही नाही, मीठ कमी आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खऱ्या मोजमापांत उंबरठा खाली आणता येत नाही. सिम्युलेशनमध्ये येतो, तिथे कोण कुठला ते आपल्यालाच माहीत असतं. आणला. एकट्या पडलेल्या फोटॉनसमोर जे काही क्षीण, विखुरलेलं उरलं होतं, ते सगळं मोजणीत घेतलं. संगणक चाललाय. बुधवारपर्यंत होईल.

देवाला नमस्कार केला नाही. कोणता निकाल मागायचा?

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेलं. उरलेलं निम्मंही गेलं. सगळे धरले तर बारीकपण मोजमापात चालणाऱ्या त्रुटीतच मावतं. प्लाझ्मा जेटला बारीक करत नसेलच, असंही मी म्हणू शकत नाही. आमच्या या मोजणीतून ते दिसत नाही, एवढंच. गाळून घेतलेला खरा परिणाम म्हणजे गाळणीच होती.

चौथं प्रकरण दुसऱ्यांदा गेलं. दीड महिन्यात दोनदा मेलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

हे सरांना सांगायचं की चार दिवस तोंड मिटून राहायचं? मिटलं तर सोमवारी सही. पेपरात एक सावध वाक्य टाकता येईल, ‘उंबरठ्याचा परिणाम पुढील अभ्यासात पाहू’. कोणी पकडणार नाही. पकडणारा एकच माणूस आहे आणि त्याला आम्ही आभारात बसवलाय.

नीलेशला लिहिलं: तुझं पुन्हा बरोबर. उत्तर आलं: ‘मले आनंद नाही झाला.’ मी त्यावर विश्वास ठेवते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी त्याचा फोन. म्हणाला, सही होईपर्यंत काही बोलू नको. ‘मी बोललो होतो ना. पाहिलं ना काय झालं?’

म्हटलं, तू तेव्हा गप्प बसला असतास तर?

‘तर आज डॉक्टर असतो.’ हसला. ‘चुकीचा डॉक्टर.’

हसून फोन ठेवला त्याने. मला हसू आलं नाही. सहा वर्षं ज्या जेटांनी ऊर्जा गमावली त्यांच्याबद्दल मी लिहितेय, आणि समोरच्या टेबलामागची खुर्ची रिकामी आहे हे मी फार तर खिडकीतून ऊन येतं म्हणून पाहिलं. ही उपमा मला आवडत नाही. सर भाषणात अशाच देतात. पण डोक्यातून जात नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

फाट्यावरच्या बेकरीतून अर्धा किलो खारी घेतली. बेकरीवाला म्हणाला, ‘पाहुणे का ताई?’ म्हटलं, नाही, ऑफिसात. ‘मग खुसखुशीत देतो, आजचीच हाय.’

आईने पिशवी पाहिली. ‘एवढी कशाला?’

‘उद्या माझा नंबर आहे.’

आई आत गेली. मग स्वयंपाकघरातून, ‘डब्यात भर, नाहीतर मऊ पडेल.’

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळची मीटिंग. मी लवकर जाऊन डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. पेपर दुपारी पाठवायचा म्हणून सर आनंदात आले, नवा शर्ट. डबा पाहिला.

‘अरे वा. आज खारी कोणाकडून?’

मी हात वर केला.

‘तुमचं काय चुकलं?’

‘माझं आणि तुमचं, सर. निम्मी तुमच्याकडून.’

मी फळ्यापाशी गेले आणि सगळं सांगितलं. एकटे फोटॉन, उंबरठा, नवा आलेख. शेवटी सांगितलं की प्रश्न नीलेशचा आहे, दोन्ही वेळा त्याचाच होता, आणि त्याचं नाव आभारात राहिलं तर माझंही आभारातच टाका.

सर बराच वेळ आलेखाकडे बघत होते. त्यांना कळलंय, हे मला दिसत होतं. या माणसाला भौतिकशास्त्र कळतं, म्हणून तर सहा वर्षं टिकले मी. त्यांनी एक खारी उचलली. चहात बुडवली नाही. हातात धरून ठेवली, चुरा शर्टावर पडत राहिला.

‘सगळं जग हाच उंबरठा लावतं,’ ते म्हणाले.

‘हो सर.’

‘पेपर आज जात नाही.’

‘हो सर.’

मग उठले. दारापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बोलवा त्यांना. शुक्रवारी येतील का म्हणावं. फळा पुसून ठेवतो.’

‘त्यांना’ म्हणाले. नीलेशला ते कधी असं म्हणाले नव्हते. हा आदर आहे की टोमणा? सरांच्या बोलण्यात टोमणा कुठे संपतो, ते मला अजून समजलेलं नाही. सहीचा कागद पेपरवेटखाली तसाच आहे. जाताना पाहिला.

नीलेशला सरांचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. त्याने लगेच वाचलं. संध्याकाळ झाली, उत्तर नाही. बस वाकडला असेल.

खारी कोणी खाल्ली नाही. डबा परत घरी आणलाय, शुक्रवारपर्यंत टिकेल असं आई म्हणते.